बत्तीसची डबी

४ नोव्हेंबर, सोमवार

आज इथे आले. गेटवेहून निघालेली लाँच मांडव्याला लागली तेव्हा माझ्या दोन बॅगा आणि गोधडीत गुंडाळलेला मॉनिटर बघून लाँचवरच्या माणसाने टीव्ही आहे का विचारलं. मी हो म्हटलं. समुद्र शांत होता, ऊन छान होतं, आणि हिंजवडीच्या सिग्नलवर घालवलेली सहा वर्षं त्या एका तासात धुऊन निघाली असं वाटलं.

जेट्टीवर माझ्या नव्या कंपनीचे केतनसर स्वतः गाडी घेऊन आले होते. मालक गाडी घेऊन येतो हे मला नवीनच. माणूस बोलका आहे. मूळचे उरणकडचे, वडील मिठागरात होते, मग न्हावा शेवाला कंटेनरचे ट्रेलर लावले, आणि आता हा मुलगा मच्छीमार बोटींसाठी यंत्रं बनवतो. सगळी माहिती त्यांनी पहिल्या वळणापर्यंत देऊन टाकली.

राहायची सोय कोळीवाड्यात, ठमाबाईंकडे. घर सिमेंटचं, पोपटी रंगाचं, वरची खोली माझी. खिडकीतून वाळत घातलेले बोंबील आणि त्यांच्यामागे खाडीचं तोंड दिसतं. ठमाबाई सुक्या मासळीचा धंदा करतात. आवाज मोठा, हात भरभर चालतात, आणि दहा मिनिटांत माझं लग्न, जात, पगार आणि पित्त सगळं विचारून झालं. त्या मला बाय म्हणतात, मी मावशी म्हणायचं ठरवलं. नाशिकच्या आमच्या घरात मासे वर्षातून दोनदा. इथे पहिल्याच जेवणात कोलंबीचं कालवण आणि तांदळाची भाकरी. तीन भाकऱ्या खाल्ल्या. आईला कळवलं.

५ नोव्हेंबर, मंगळवार

ऑफिस बर्फाच्या कारखान्याच्या वर आहे. खाली लाद्या फोडायचं यंत्र चालू झालं की टेबलावरचा चहा थरथरतो. सरांशिवाय विक्री बघणारे दोघे, आणि आता मी. माझ्याआधी प्रज्योत नावाचा मुलगा होता, तो सोडून गेला.

आमचं यंत्र म्हणजे बोटीच्या केबिनवर बसवायची एक डबी. तिचं कंपनीने ठेवलेलं नाव लांबलचक इंग्रजी आहे, पण बंदरावर सगळे डबीच म्हणतात. ती उपग्रहावरून बोटीची जागा कळवते. घरच्यांना फोनमध्ये नकाशावर हिरवा टिपका दिसतो. शिवाय डबीवर एक फिरवायची कळ आहे, तिच्यावर ठरलेली वाक्यं: इंजिन बंद, पाणी शिरलं, माणूस जखमी, मदत पाठवा, सुखरूप आहोत, आणि अशी आणखी काही. कळ फिरवायची, बटण दाबायचं, वाक्य किनाऱ्यावर पोचतं. ऐंशीएक बोटींवर ती आहे. मला कामच आवडलं. इतकी वर्षं मी लोकांना चपला लवकर विकत घेता याव्यात म्हणून प्रोग्रॅम लिहिले.

माझं पहिलं काम सोपं आहे. डब्यांच्या दोन पिढ्या निघाल्या. जुन्यांत बत्तीस बिटचा प्रोसेसर, नव्यांत चौसष्टचा. ठमामावशींनी जेवताना विचारलं तेव्हा मी असं सांगितलं, की प्रोसेसर म्हणजे यंत्राचा मेंदू, आणि प्रत्येक जातीच्या मेंदूची आपली बोली असते. बत्तीसच्या बोलीत बांधलेला प्रोग्रॅम चौसष्टच्या डबीला कळत नाही, आणि उलटही नाही. म्हणून प्रोग्रॅम बांधतानाच कुठल्या मेंदूसाठी ते मशीनला सांगावं लागतं. त्यांनी मान डोलावली आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला.

जुन्या डब्या आता एकाही बोटीवर नाहीत, असं सर म्हणाले. तेव्हा बत्तीस बंद करायचं आणि आपोआप होणारं प्रत्येक बिल्ड, म्हणजे प्रोग्रॅमची बांधणी, चौसष्टचंच निघेल अशी सक्ती करायची.

७ नोव्हेंबर, गुरुवार

प्रज्योतच्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे मशीनला दिलेल्या सूचनांत, कुठल्या प्रोसेसरसाठी बांधायचं ते नीट लिहिलेलंच नव्हतं. असं असलं की मशीन मनाला येईल ते धरून चालतं. मी एक ओळ लिहिली: लक्ष्य चौसष्ट, दुसरं काही नाही. बिल्ड सुरू केलं, खाली जाऊन चहा पिऊन आले. हिरवी खूण आली होती. डब्यांना पाठवायचं तयार पॅकेज उघडून तपासलं तर बत्तीस.

नावात चौसष्ट, पोटात बत्तीस. हसू आलं. काहीतरी माझंच राहिलं असणार.

९ नोव्हेंबर, शनिवार

हसू संपलं.

या कामात प्रत्येक थराला वेगळं सांगावं लागतं हे मला माहीत आहे. स्क्रिप्टला सांगितलं, पण तिच्याखालच्या साधनाने ऐकलं नाही असं होतं. ते ऐकतं, तर आधीच्या बिल्डचे जपून ठेवलेले तुकडे तेच पुन्हा चिकटवतात. म्हणून दोन दिवस एकेक थर सोलत बसले. सगळीकडे चौसष्ट लिहिलं. जुने तुकडे पुसले. शेवटी वैतागून बत्तीसचा कंपायलरच मशीनवरून काढून टाकला. म्हणजे बत्तीसच्या बोलीत बांधणारा कारागीरच घरात नाही.

तरी बत्तीस.

मी तेच तेच बघत तासभर बसून होते. जे मशीनला येतच नाही ते त्याने काढलं कुठून? खाली बर्फ फुटत होता आणि मला ते यंत्र उचलून खाडीत टाकावंसं वाटत होतं. बर्फाचं की माझं, ते ठरवता आलं नसतं.

घरी आले तर मावशी ओट्यावर बसून मासळी निवडत होत्या. त्यांच्या शेजारी एक फोन उभा करून ठेवलेला असतो, नेहमी चार्जरला लावलेला. त्यावर कुणाचा फोन येत नाही, त्या कुणाला करत नाहीत. अधूनमधून नुसतं बघतात.

११ नोव्हेंबर, सोमवार

नवीन मशीन आणवलं. तेच. इंटरनेटवर भाड्याचं मशीन घेतलं, जे आपल्या देशातही नाही. तेच. माझ्या लॅपटॉपवर बांधलं तर चौसष्ट नीट निघतं, पण डब्या ऑफिसच्या बिल्डची सही असलेलंच पॅकेज घेतात. सहीला पाठवलं, सही होऊन आलं, उघडलं. बत्तीस.

आणि सर्व्हरवर एक जुनी डबी अजून बोलते. रोज विचारते, माझ्यासाठी नवीन काही आहे का. मी तिला यादीतून काढलं. सकाळी ती परत होती. सरांना विचारलं तर म्हणाले, भंगारात गेलेली असेल, कुणा पोराने चालू केली असेल, सोडून द्या मॅडम.

प्रज्योतला फोन केला. तो आता सासऱ्यांचं टाइल्सचं दुकान बघतो, सांगलीला. कॉम्प्युटरला हात लावत नाही म्हणाला, सांगताना आवाजात अभिमान नव्हता. मी अडचण सांगू लागले तर मधेच त्याने विचारलं की मी कुठे राहते. ठमाबाईंकडे, म्हटलं. मग त्याने विचारलं की त्या अजून फोन चालू ठेवतात का. मी हो म्हटल्यावर गिऱ्हाईक आलंय सांगून त्याने फोन ठेवला. नंतर उचलला नाही.

१३ नोव्हेंबर, बुधवार

आज जे झालं त्याचा राग अजून उतरलेला नाही.

मी जेवायला गेले असताना सरांनी पॅकेज पाठवून दिलं. नाव चौसष्ट दिसलं, म्हणाले, झालं वाटतं. मी परत येऊन ते थांबवलं तोवर दोन बोटींना पोचलं होतं. दोन्ही डब्या जागच्या जागी मेल्या. डबीच्या छोट्या पडद्यावर एक ओळ, हे पॅकेज या प्रोसेसरसाठी नाही, आणि मग काळोख. टिपका नाही, बटण नाही. नशीब की त्या चौलच्या समोर, किनाऱ्याच्या नजरेत होत्या. शेजारच्या बोटीने जाऊन सांगितलं आणि त्या परत आल्या.

न कळणारं पॅकेज आलं तर डबीने ते नाकारावं, स्वतः मरू नये, एवढी साधी सोय यात नाही. ती मी गेल्याच आठवड्यात लिहून ठेवली आहे. पण ती डब्यांपर्यंत न्यायला चौसष्टचं बिल्ड लागतं. औषध आहे आणि बाटलीचं झाकण उघडत नाही.

सरांवर ओरडले. तेही ओरडले. विक्रीवाले दोघे खाली बर्फ बघायला गेले.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

दोन डब्या गेल्याचं बंदरभर झालंय. मावशींना कळणारच होतं. संध्याकाळी त्यांनी मला ओट्यावर बसवलं आणि तो फोन माझ्या हातात दिला. नकाशा होता. नुसता समुद्र.

"माझ्या अनंताची पन अशीच बंद पडली," त्या म्हणाल्या. "टिपका होता, मंग न्हाय. मना वाटलं फोन बिघडला. दुकानात नेला. तो बोलला, मावशी, फोन बरा हाय."

दोन वर्षं झाली. मुलगा आणि दोन खलाशी. वारा मोठा नव्हता. बोट नाही, फळी नाही, माणसं नाहीत. सून नातवाला घेऊन माहेरी गेली. कंपनीने सांगितलं की लाटेने डबी तुटली असेल.

त्यांनी विचारलं, "तू करतेस त्या कामानं टिपका परत यील का?"

नाही, मावशी, म्हटलं.

"बघ करून," त्या म्हणाल्या, आणि मासळी निवडायला लागल्या.

१६ नोव्हेंबर, शनिवार

सरांना सरळ विचारलं. आधी चिडले, मग दार लावून बसले.

"मॅडम, मी काय मुद्दाम केलं का? प्रज्योत बोलला, दोन दोन सांभाळत बसण्यापेक्षा सगळीकडे चौसष्ट लावून टाकू. मी बोललो, लाव. जुन्या डब्या आठ होत्या. सात बोटी बंदरात होत्या."

आठवी अनंताची.

म्हणजे ती डबी लाटेने तुटली नाही. आम्ही इथून, या खोलीतून, तिला न कळणाऱ्या बोलीतलं काहीतरी पाठवलं आणि ती मेली. त्यानंतर बोटीला जे काही झालं ते कुणाला कळवायला त्यांच्याकडे काही उरलं नाही. हे मावशींना सांगितलंत का, विचारलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. मी सांगते म्हटलं, तर हात जोडले. म्हणाले, आधी हे बिल्ड नीट करा, वाऱ्याचा इशारा आलाय, तो डबीच्या पडद्यावर दाखवायची सोय नव्या बिल्डमध्येच आहे, ऐंशी बोटी बाहेर आहेत, मग काय सांगायचं ते सांगा.

आणि चीड याची येते की त्यांचं खरं होतं.

सर्व्हरवर रोज विचारणारी डबी तपासली. तीच आहे.

१८ नोव्हेंबर, सोमवार

सक्ती सोडली.

दहा-बारा दिवस मी मशीनच्या मानगुटीवर बसून चौसष्ट, फक्त चौसष्ट म्हणत होते. आज ती ओळ खोडली आणि दोन लिहिल्या. एक चौसष्टसाठी, एक बत्तीससाठी. दोन्ही बांध. ज्याला जे कळतं ते त्याला दे. ऐंशी डब्यांना चौसष्ट, आणि त्या एका डबीला बत्तीस. भंगारात असेल तर असू दे, कुणा पोराच्या हातात असेल तर असू दे.

पहिल्या फटक्यात झालं. दोन्ही पॅकेजं उघडून बघितली. चौसष्टमध्ये चौसष्ट. बत्तीसमध्ये बत्तीस. पाठवली. एकेक बोट घेतल्याचं कळवत गेली. एकही मेली नाही. दुपारपर्यंत ऐंशी बोटींवर वाऱ्याचा इशारा पोचला आणि त्या माघारी फिरू लागल्या. सरांनी सगळ्यांना जिलेबी आणली. मी खाल्ली. भूक लागली होती, खरोखरची.

एक्याऐंशीव्या डबीनेही घेतलं.

मावशींना रात्री सगळं सांगितलं. प्रज्योतचं, सरांचं, बोलीचं. मला वाटलं घराबाहेर काढतील. त्यांनी शांतपणे ऐकलं, आणि विचारलं, मग आता त्याला कळंल तशा बोलीत पाठवलंस ना. मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी मावशींनी खालून हाक मारली. ओरडल्या नाहीत, नुसती हाक. फोनवर टिपका होता. खांदेरीच्या दीपगृहापलीकडे, उघड्या समुद्रात. हिरवा, स्थिर.

ऑफिसात पोचले तर वाक्यं यायला लागली होती. इंजिन बंद. थोड्या वेळाने, इंजिन बंद. मग, मदत पाठवा.

प्रत्येक वाक्याला ते दाबल्याची तारीख असते. दोन वर्षांपूर्वीची होती. हे समजू शकतं. डबीला वाक्य पाठवता आलं नाही तर ती साठवून ठेवते, आणि पुन्हा चालू झाली की ओळीने सोडते. आम्ही तसंच बनवलंय. तेव्हा दाबलेली वाक्यं आता येतायत, एवढंच. मी हे सरांना समजावून सांगितलं. ते मान हलवत होते आणि ऐकत नव्हते.

म्हणजे ते दाबत होते. डबी मेलेली, पडदा काळा, तरी दाबत होते.

पाणी शिरलं.

मावशींना सांगू नये असं ठरवलं. पण वाक्यं घरच्या फोनवरही जातात. तीही आम्हीच केलेली सोय.

२० नोव्हेंबर, बुधवार

अजून येतायत. मदत पाठवा, मदत पाठवा. तारखा पुढे सरकतात. पहिला दिवस, दुसरा, पाचवा. ते त्या दिवशी बुडाले नव्हते. मावशी फोन मांडीवर घेऊन बसल्यात. प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचतात, आणि उत्तर देतात. व्हय रे. आयकते मी.

सरांनी किनाऱ्यावरच्या बचाव पथकाला कळवलं. त्यांची बोट टिपक्यापाशी जाऊन आली. काही नाही. पाणी आहे म्हणाले. यंत्रात बिघाड असेल, बंद करा, आमची माणसं उगीच फिरवू नका.

मीही तेच म्हणते. बिघाड असेल. पण परवा नीट झालेलं बिल्ड आज पुन्हा आपोआप सुरू झालं. कुणी काही बदललं नव्हतं. दोन ओळी लिहिल्या होत्या, चौसष्टची ओळ गेलेली. मी परत लिहिली. पुन्हा गेली.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

तारखा थांबत नाहीत. पाचव्या दिवशी थांबतील, दहाव्या दिवशी थांबतील असं वाटलं होतं. पाऊण वर्ष. दीड वर्ष. तीन माणसं इतके दिवस समुद्रात कशी — नाही, कुणाच्या तरी हातात ती डबी आहे. कुणीतरी खेळतंय. कुणीतरी माझी गंमत करतंय आणि मला तो माणूस हवाय.

दुपारी वाक्यांच्या तारखा आजच्या झाल्या.

आणि वाक्य बदललं. कळीवरचं शेवटचं. डबी बिघडली, माणूस पाठवा. दुरुस्तीसाठी ठेवलेलं. कुणी वापरत नाही.

डबी बिघडली, माणूस पाठवा.

सरांनी ऑफिसला कुलूप लावलं आणि उरणला गेले. फोन लागत नाही.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

कुलपाची दुसरी चावी माझ्याकडे आहे. गेले. बिल्ड चालू होतं. ऐंशी पॅकेजं तयार, एकेक एकेका बोटीच्या नावाचं, सगळी बत्तीस. पाठवायच्या रांगेत. रांग रिकामी केली, ती आपोआप भरली. रिकामी केली. मशीनचा प्लग ओढून काढला. वायर कापली, खालून बर्फवाल्यांची पक्कड आणून. भाड्याचं मशीनही मोडीत काढलं. पंखा थांबेपर्यंत उभी राहिले.

उद्या बोटी पुन्हा बाहेर पडणार. कुणी ऐकत नाही. वारा गेलाय म्हणतात.

मावशींचा भाऊ, धर्मामामा, टिपक्यापर्यंत बोट न्यायला तयार आहे. मावशी म्हणाल्या, तू चल. तुलाच ती डबी कळते. मला जायचं नव्हतं. पण ती डबी हातात घेऊन तिची बॅटरी काढली की संपलं. दुसरा उपाय नाही. असेल तिथून उचलायची आणि —

दिवसाउजेडी जातोय. समुद्र शांत आहे. लिहिते कारण लिहिलं की डोकं ठिकाणावर राहतं.

२३ नोव्हेंबर, शनिवार

बोटीवर. सकाळ. ऊन चांगलं. धर्मामामा सुकाणूवर, कमी बोलतो. मावशींनी डबा आणलाय, चौघांना पुरेल एवढा. आम्ही तिघं आहोत. मी विचारलं नाही.

खांदेरी मागे राहिली.

—

पोचलो. टिपका आमच्या टिपक्यावर आहे. एकावर एक. आजूबाजूला काही नाही. पाणी गढूळ, हात घातला तर मनगट दिसत नाही. मामाने दोन फेऱ्या मारल्या. टिपका आमच्याखालीच राहतो. आपण सरकलो की तोही —

मावशींच्या फोनवर, माणूस पाठवा.

मी म्हटलं, परत जाऊ. मामाने होकार दिला.

—

इंजिन बंद पडलं. मामा खाली उतरलाय बघायला. डिझेल आहे म्हणतो.

मी मामाच्या बोटीवरच्या डबीचं बटण दाबायला गेले. पडद्यावर काहीतरी उतरत होतं. नवीन पॅकेज. कुठून — मशीन मी कापून आले. वायर माझ्या हाताने —

हे पॅकेज या प्रोसेसरसाठी नाही.

काळोख. दाबतेय. माझी सोय याच्यात आहे, नाकारायला पाहिजे होतं, मी लिहिली होती, पाठवली —

दाबतेय तरी.

—

मामा वर येत नाही. हाक मारली. खाली पाण्याचा आवाज आहे. बोटीच्या आत.

मावशी कठड्यावरून वाकून बसल्यात. पाण्याशी बोलतायत. घरी बोलतात तशाच, हळू, मायेने. जेवलास का विचारतात. मग माझ्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, आणली रे तिला, डबी नीट करनारी, तुझी बोली कळते हिला, आता सरक, तिला उतराय जागा —